आपल्या गाण्यात बेंजो मास्तरांना बोलावताना : पहिल्या भेटीपासून गाणं बाहेर पडेपर्यंत

ज्यांचा बेंजो हळदीच्या मांडवात आणि गणपतीच्या मिरवणुकीत ऐकत आपण मोठे झालो, ते मास्तर आपल्या अल्बममधल्या एका गाण्यात वाजवायला तयार होतात, तेव्हा आनंद किती होतो हे मला माहीत आहे. पण वादक मोठा आहे म्हणून रेकॉर्डिंग आपोआप चांगलं होत नाही. मांडवात अंगावर काटा आणणारा हात स्टुडिओच्या बंद खोलीत बिचकलेला मी पाहिला आहे, आणि त्यात दोष हाताचा नव्हता, तयारीचा होता. मास्तर मांडवात जसे वाजवतात तसंच त्यांना स्टुडिओत वाजवता यावं, एवढ्यासाठीच पुढची सगळी खटपट आहे. कोळीगीतं, आगरी गाणी, देवीची गाणी स्वतःच्या खर्चाने रेकॉर्ड करणाऱ्या नव्या मंडळींसाठी हे लिहितो आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. इथे बेंजो म्हणजे आपला बटणांचा बेंजो, बुलबुल तरंगाचा भाऊबंद. जपानमधल्या नागोया शहरात गोरो मोरिता यांनी १९१२ मध्ये ताइशोगोतो नावाचं वाद्य बनवलं, त्याचंच हे भारतातलं रूप. आपल्याकडच्या बेंजो पार्ट्यांनी, म्हणजे वाजवणाऱ्या पथकांनी, त्याला पिकअप (तारेचा कंप विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा भाग) बसवला, एको वगैरे देणारी इफेक्टची पेटी जोडली आणि ते रस्त्यावर आणलं. स्टुडिओ बुक करताना हे सांगायला विसरू नका. नुसतं 'बेंजो आहे' म्हटलं की काही रेकॉर्डिस्टना चामड्याचा गोल अमेरिकन बेंजो डोळ्यांसमोर येतो. मग ते एक माईक लावून ठेवतात आणि वायरची काहीच सोय केलेली नसते.

१. आधी ऐका, मग गाण्यात जागा ठरवा

मास्तरांचे दोन-तीन कार्यक्रम समोर उभं राहून ऐका. मोबाइलवरच्या क्लिपमध्ये स्पीकरचा कल्लोळच जास्त असतो. बेंजोचा सूर लवकर विझतो, म्हणून लांब स्वर टिकवायला उजवा हात प्लेक्ट्रमने (तार छेडायच्या पातीने) तार सतत छेडत राहतो. तो हात किती बारीक चालतो, डावी बोटं बटणांवर मुरकी कशी घेतात, गायक श्वास घेतो तेवढ्या फटीत मास्तर काय भरतात, हे जवळून बघा. प्रत्येकाची खासियत निराळी असते. कोणी संथ चाल गाऊन काढल्यासारखी वाजवतो, कोणी जलद पीसमध्ये, म्हणजे नुसत्या वाद्याच्या तुकड्यात, आग लावतो.

त्यानुसार गाण्यात जागा सोडा. माझं ठाम मत आहे की पाहुण्या वादकाला सगळ्या गाण्याभर वाजवायला लावू नये. सुरुवातीचा पीस, दोन अंतऱ्यांमधला मोठा पीस आणि ध्रुवपदात गायकाला दिलेली उत्तरं, एवढं पुष्कळ झालं. आणि त्या जागांवर कीबोर्डची शहनाई, बासरी, व्हायोलिनचे थर आधीच भरून ठेवले असतील तर ते काढा.

२. प्रत्यक्ष भेटायला जा

मध्यस्थामार्फत निरोप किंवा व्हॉट्सॲपवर 'सर एक गाणं होतं' असं नको. घरी किंवा तालमीच्या जागी जा, मोबाइलवर गाण्याची कच्ची चाल ऐकवा, आणि 'मास्तर, इथे तुम्हाला काय सुचतं?' असं विचारा. त्या पहिल्या दहा मिनिटांत जे गुणगुणलं जातं ते अनेकदा गाण्यातली सगळ्यात सुंदर ओळ ठरतं. परवानगी घेऊन ते फोनवर टिपून ठेवा.

मास्तर एखाद्या बेंजो पार्टीत कायमचे वाजवत असतील तर पार्टीच्या मालकाच्याही कानावर घाला. सुपारीच्या तारखांचा हिशेब त्यांच्याकडे असतो, आणि मागाहून कळलं तर मास्तरांनाच अवघडल्यासारखं होतं.

पैशांचं त्याच भेटीत बोला. आपण चाहते आहोत म्हटल्यावर मोठी माणसं संकोचाने 'द्या काय द्यायचं ते' म्हणतात. त्या वाक्यावर विसंबू नका. आकडा तुम्ही सांगा, त्यात जाण्यायेण्याचं भाडं, वाद्य नेण्याची गाडी आणि सोबत येणाऱ्या माणसाचा खर्च वेगळा धरा. शाल-नारळ जरूर द्या, पण मानधनाच्या जागी नको.

३. तारीख काढताना

नारळी पौर्णिमेपासून अनंत चतुर्दशीपर्यंत विचारूच नका. नवरात्र तसंच. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू झाली की हळदी चालू होतात, आणि रात्री उशिरापर्यंत वाजवलेल्या हाताला दुसऱ्या दिवशी सकाळी स्टुडिओत बसवणं हा अन्याय आहे. आषाढात बहुतेक पार्ट्यांना उसंत असते. पितृपक्षातही कार्यक्रम नसतात, मात्र त्या पंधरवड्यात नवं काम सुरू करायला काही जणांची ना असते, तेव्हा आधी विचारा. वेळ शक्यतो दुपारनंतरची ठेवा.

४. पट्टी : सगळ्यात जास्त घोळ इथे होतो

गायिका म्हणते काळी चार, कीबोर्डवाला ट्रान्सपोजचं बटण दाबून मोकळा होतो, आणि बेंजो मास्तर तिथे आल्यावर कळतं की त्यांचं वाद्य वेगळ्याच सुरात लावलेलं आहे. बेंजोला ट्रान्सपोज नाही. खुली तार ज्या सुरात लावली तिथून प्रत्येक बटणाला अर्धा सूर चढतो. म्हणजे बाराही स्वर हाताशी आहेत आणि तत्त्वतः कुठल्याही पट्टीत वाजवता येतं. पण वर्षानुवर्षं एका ठरावीक पट्टीत फिरलेली बोटं मुरक्या, झटके, उतरत्या ताना त्याच बटणांवर शिकलेली असतात. पट्टी बदलली की स्वर बरोबर येतात आणि मास्तरांची चाल मात्र हरवते.

तार ओढून किंवा सोडून अर्धा-एक सूर इकडेतिकडे जमतं. त्याहून जास्त चढवली तर तार तुटायची भीती. जास्त उतरवली तर ती ढिली पडून खरखरते, आणि बटण जोरात दाबलं की स्वर चढा लागतो. तो चढेपणा मांडवात जाणवत नाही, हेडफोनमध्ये बोचतो.

म्हणून गाण्याचा ट्रॅक बनवण्याआधी एवढं करा :

मास्तरांना विचारा, 'तुमचा बेंजो कुठल्या पट्टीत लावलाय, आणि तुमचा हात कुठे मोकळा चालतो?' गायकाची सोयीची पट्टी काढा. दोन्हींत अर्ध्या-एका सुराचा फरक असेल तर गायकाने सरकावं, असं मला वाटतं. गळा तेवढा वाकतो. फरक मोठा असेल तर मास्तरांना पंधरा दिवस आधी सांगा. त्यांच्याकडे दुसरा बेंजो असू शकतो, किंवा वेगळ्या जाडीच्या तारा चढवून ते वाद्य त्या पट्टीत मुरवू शकतात.

ट्रॅकमध्ये खरी पेटी (हार्मोनियम) असेल तर आणखी एक तपासणी करा. अनेक पेट्या ४४० हर्ट्झच्या ठरलेल्या सुरावर नेमक्या नसतात, थोड्या चढ्या असतात. पेटीला लगेच सुरात आणता येत नाही, बेंजोला येतं. तेव्हा बेंजो पेटीवर लावा, मोबाइलच्या ट्यूनरवर नाही. आणि 'वाजवून घ्या, पट्टी नंतर कॉम्प्युटरवर बदलू' हा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. दोन-तीन अर्धे सूर सरकवलेल्या बेंजोचा तारेचा टणत्कार जातो आणि प्लास्टिकसारखा आवाज उरतो.

५. गाईड ट्रॅक

गाईड ट्रॅक म्हणजे ज्याच्यावर वाजवायचं तो कच्चा ट्रॅक. मास्तरांना आठवडाभर आधी दोन फायली पाठवा : एक गायनासह पूर्ण गाणं, दुसरी बेंजोच्या जागा रिकाम्या ठेवलेली. सोबत साध्या मराठीत लिहा, 'पहिला पीस आठ आवर्तनांचा, मुखड्यानंतर चार आवर्तनं तुमची.' स्टाफ नोटेशनची गरज नसते. सरगम लिहिलेली चालते, पण चाल गाऊन पाठवलेली सगळ्यात उत्तम.

क्लिकचा, म्हणजे लय धरायला कानात दिलेल्या टकटकीचा, प्रश्न नाजूक आहे. कोळीगीताचा सहा मात्रांचा ठेका झुलत चालतो, आणि मेट्रोनोमची टकटक तो झोका मारून टाकते. त्यामुळे गाईडमध्ये क्लिकऐवजी खऱ्या वादकाने वाजवलेली ढोलकी ठेवा. ढोलकी क्लिकवर रेकॉर्ड करा, आणि बेंजो ढोलकीवर. तालही सांभाळला जातो आणि अंगही राहतं. सुरुवातीला दोन आवर्तनं नुसत्या ठेक्याची सोडायला विसरू नका, म्हणजे मास्तरांना उचलायला जागा मिळते.

६. स्टुडिओच्या दिवशी काय काय लागेल

• तारांचे दोन जादा संच आणि त्या कापायला पक्कड. आपल्या खाऱ्या हवेत तारा लवकर गंजतात. नव्या तारा आदल्या दिवशी चढवून ताणून घ्यायला सांगा, त्याच दिवशी चढवलेल्या तारा दर टेकला (प्रत्येक वेळच्या रेकॉर्डिंगला) उतरतात.
• मास्तरांची स्वतःची इफेक्टची पेटी, तिचा अडॅप्टर, आणि पेटी बॅटरीवर चालत असेल तर नवी बॅटरी.
• त्यांच्या सवयीचे प्लेक्ट्रम. जाडी बदलली तरी आवाज बदलतो.
• दोन चांगल्या शिल्डेड वायरी. घरच्या वायरीत एखादी हमखास खरखरते.
• स्टुडिओकडून डीआय बॉक्स (वाद्याचा सिग्नल रेकॉर्डिंगजोगा करणारी डबी), सिग्नल दोन वाटांनी नेणारा स्प्लिटर, छोटा ॲम्प्लिफायर आणि बंद हेडफोन.
• बसायची सोय. मास्तर बेंजो मांडीवर घेतात, स्टँडवर ठेवतात की टेबलावर, हे आधी विचारा. खुर्चीची उंची चुकली तर तासाभरात मनगट दुखतं.
• लिहून आणलेला कागद : गाण्याचा आराखडा, पट्टी, लय, कुठे कोण वाजवणार.

७. जोडणी : कोरा आवाज वेगळा, इफेक्टचा वेगळा

या भागावर थोडा वेळ द्या, कारण नंतर तो दुरुस्त होत नाही.

बेंजोचा पिकअप साधा असेल तर त्याचा सिग्नल अशक्त असतो. तो इंटरफेसच्या (वाद्य कॉम्प्युटरला जोडणाऱ्या यंत्राच्या) 'लाइन' तोंडात घातला तर आवाज मंद आणि चेपलेला येतो. 'इन्स्ट्रुमेंट' असं लिहिलेल्या तोंडात घाला किंवा डीआयमधून न्या.

सिग्नलचे दोन भाग इफेक्टच्या पेटीच्या आधीच करा. एक कोरा थेट रेकॉर्ड होतो. दुसरा मास्तरांच्या पेटीतून जातो, आणि तोही स्वतंत्र ट्रॅकवर रेकॉर्ड करा. शक्य असेल तर इफेक्टचा आवाज ॲम्प्लिफायरमध्ये नेऊन त्याच्यासमोर शुअर एसएम ५७ सारखा साधा माईक लावून तिसरा ट्रॅक घ्या. रस्त्यावरच्या बेंजोचा जो गरमपणा आपल्याला आवडतो, त्यातला बराचसा स्पीकरचा असतो. चौथा ट्रॅक हौसेचा : वाद्याच्या वर फूटभर अंतरावर एक माईक, बटणांची बारीक टकटक आणि तारेवरचा पहिला आघात टिपायला. मिक्समध्ये तो अगदी हलका मिसळला की बेंजो समोर बसल्यासारखा वाटतो.

आता सापळा. कोरा आवाज रेकॉर्ड करायचा म्हणून काही रेकॉर्डिस्ट मास्तरांच्या हेडफोनमध्येही कोराच आवाज देतात. असं होऊ देऊ नका. मास्तरांचा हात एकोवर पोसलेला असतो. एक स्वर मारून त्याचा पडसाद परत येईपर्यंत दुसरा कधी मारायचा, हा त्यांच्या वाजवण्याचाच भाग आहे. एको काढून घेतला की ते रिकामी जागा भरायला जास्त स्वर वाजवू लागतात, आणि तुम्हाला वाटतं मास्तर आज घाईत आहेत. कानात ओला, म्हणजे एकोसह आवाज द्या, कोरा फक्त ट्रॅकवर ठेवा.

गुणगुण येत असेल तर ती बहुधा विजेच्या ५० हर्ट्झची असते. आधी मास्तरांना कॉम्प्युटर, अडॅप्टर आणि मंद होणाऱ्या दिव्यांपासून दूर बसवून बघा. वाद्य थोडं फिरवलं तरी फरक पडतो. मग डीआयवरचं ग्राउंड लिफ्टचं बटण (सिग्नलच्या वायरीतली ग्राउंडची जोडणी तोडणारं) दाबा. प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा उपाय कोणी सुचवला तर साफ नकार द्या. धातूच्या तारांवर माणसाचा हात असतो.

रेकॉर्डिंग २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर पुरेसं आहे. सर्वांत जोरकस पीस आधी वाजवून घ्या आणि पातळी उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान शिखर गाठेल अशी लावा. बफर (कॉम्प्युटर आवाज थोडा साठवून पुढे देतो तो टप्पा) १२८ सॅम्पलवर किंवा त्याखाली ठेवा. त्याहून फार वर गेलात तर बटण दाबणं आणि ऐकू येणं यांत फट पडते, आणि जलद पीसमध्ये मास्तर अडखळतात. मोबाइल सगळ्यांचेच खोलीबाहेर ठेवा, पिकअप त्यांची टिकटिक पकडतो.

८. टेक घेताना

पहिल्यांदा वाजवतील तेव्हापासून रेकॉर्ड चालू ठेवा. 'नुसती तालीम करतो' म्हणून जे वाजतं त्यात निम्मं सोनं असतं.

पीस तुकड्या-तुकड्याने घेऊ नका. पूर्ण गाण्यावर तीन-चार सलग टेक घ्या, मधे चहा, मग पुन्हा एखादा. एका स्वरासाठी थांबवून 'मास्तर, तेवढं परत' असं वारंवार केलं की उजव्या हाताचा सलगपणा तुटतो. चूक राहिली तर दुसऱ्या टेकमधून तो तुकडा घेता येतो, त्यासाठीच सलग टेक हवेत. दर टेकनंतर सूर तपासा. एकाच सुरात लावलेल्या जोडतारांतली एक जरी केसभर उतरली तरी लांब स्वरावर आवाज लाटांसारखा हलतो. बाजूच्या सुराच्या तारा असतील तर त्याही गाण्याच्या षड्जात आहेत ना ते बघा. नको असतील तर त्यांखाली कापडाची पट्टी सरकवा.

काचेपलीकडे पाच-सहा मित्र उभे करू नका. एक गायक मात्र जरूर हवा, आणि त्याचं गाणं हेडफोनमधून मास्तरांच्या कानात जात असावं. बेंजोची उत्तरं जिवंत गळ्याला दिलेली वेगळीच येतात. तुम्हाला काही बदल हवा असेल तर तो एकानेच सांगावा, आणि गाऊन सांगावा : 'मास्तर, इथे थोडं असं येईल का?' 'ब्राइट करा', 'एनर्जी वाढवा' यातून त्यांना काही कळत नाही.

मानधन त्याच दिवशी, निघायच्या आधी.

९. मिक्सिंग

बेंजोचा आणि गायकाचा टोकदारपणा साधारण त्याच २ ते ४ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात येतो. गळा चालू असताना बेंजो तिथे थोडा दाबा, पीस आला की मोकळा सोडा. ढोलकीच्या झोक्याला कॉम्प्युटरच्या चौकटीत बसवू नका, बेंजोलाही नको. जड कॉम्प्रेशनने (लहान-मोठा आवाज एका पातळीवर आणण्याने) बटणांची टकटक पुढे येते. मिक्स झालं की मास्तरांना पाठवा आणि त्यांच्या फोनच्या स्पीकरवर ऐकून काय वाटतं ते विचारा. लोक तिथेच ऐकणार आहेत.

१०. कागदपत्रं

मैत्रीत कागद कशाला, असं वाटतं. पण कागद मास्तरांच्या हिताचा असतो. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ३८ नुसार वादकाला त्याच्या वादनावर ५० वर्षं हक्क असतो, आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर व्यावसायिक वापरासाठी रॉयल्टीचा हक्कही स्पष्ट झाला आहे. तेव्हा एक-दोन पानांचा मराठी करार करा आणि मास्तरांच्या घरातल्या कोणाला तरी शांतपणे वाचू द्या. त्यात हे असावं :

• गाण्याचं नाव, रेकॉर्डिंगची तारीख, मानधनाची रक्कम आणि ती मिळाल्याची नोंद.
• वापर कुठे आणि किती काळ. मुदत लिहिली नाही तर कायदा ५ वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. परदेशातले श्रोते धरायचे असतील तर तसं लिहा.
• पीस कोणी बांधले? तुमच्या संगीतकाराने गाऊन दिले तर प्रश्न नाही. मास्तरांनी तिथल्या तिथे चाल बांधली असेल तर संगीतात त्यांचा वाटा किती, हे टक्क्यांत लिहा.
• नाव कसं छापायचं, अगदी ऱ्हस्व-दीर्घासह. पार्टीचं नाव घालायचं का.
• व्हिडिओ काढणार असाल तर त्याचा स्वतंत्र उल्लेख.

सोबत मास्तरांचं पॅन आणि बँकेचा तपशील घ्या. टीडीएस तुम्हाला लागू आहे का ते सीएला विचारा. वाद्यवादकांची रॉयल्टी गोळा करणारी इसाम्रा आणि गीतकार-संगीतकारांची आयपीआरएस या संस्थांविषयी मास्तरांना माहिती द्या. बरेच जुने वादक कुठेच सभासद नसतात.

आणि गाणं 'पारंपरिक' आहे असं गृहीत धरू नका. कोळीवाड्यात पिढ्यान्‌पिढ्या गायली जातात असं वाटणारी कितीतरी गाणी अमुक कवीची, अमुक कंपनीच्या तबकडीवरची निघतात. कवीच्या मृत्यूनंतरही ६० वर्षं हक्क राहतो. नवं गाणं असेल तर गीतकाराची लेखी संमती याच फायलीत ठेवा.

११. प्रकाशित करताना

प्रत्येक रेकॉर्डिंगला बारा अक्षरी-अंकी आयएसआरसी हा ओळख क्रमांक लागतो. बहुतेक डिस्ट्रिब्युटर (गाणं ॲप्सवर पोचवणाऱ्या कंपन्या) तो स्वतःच देतात. फॉर्म भरताना मास्तरांचं नाव नुसतं 'संगीतसाथ' मध्ये घालू नका. पाहुणे कलाकार म्हणून घातलंत तर गाणं त्यांच्या नावाच्या पानावरही दिसतं. मात्र आपल्याकडे एकाच नाव-आडनावाची माणसं भरपूर, त्यामुळे गाणं भलत्याच गायकाच्या पानावर चिकटतं. त्यांचं पान आधीपासून असेल तर त्याचीच लिंक द्या, नसेल तर नवं पान मागा. तारखेआधी किमान तीन-चार आठवडे फायली पाठवा, म्हणजे या चुका सुधारायला वेळ मिळतो.

शेवटची गोष्ट यूट्यूबची, आणि ती बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. डिस्ट्रिब्युटरकडे कंटेंट आयडी (यूट्यूबची रेकॉर्डिंग ओळखणारी यंत्रणा) चालू केलंत तर तुमचं रेकॉर्डिंग ज्या व्हिडिओत वाजेल त्यावर आपोआप दावा लागतो. मास्तरांच्या पार्टीने आपल्या चॅनलवर तुमचं गाणं लावून तालमीचा व्हिडिओ टाकला, तर त्यांनाच नोटीस जाते. मास्तरांच्या आणि पार्टीच्या चॅनलची नावं डिस्ट्रिब्युटरला आधीच कळवून सवलतीच्या यादीत टाकून घ्या, आणि तसं झाल्याचं मास्तरांना फोन करून सांगा.